गरव्या शेवंतीच्या काश्या उकिरड्यावर टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत थंडीतल्या फुलझाडांवर आलेला लेख वाचला. छायाचित्रं सुरेख होती, गुलाबाची माहितीही उपयोगाची होती. पण शेवंतीबद्दल त्यात असा सल्ला आहे की, फुलं सुकली की कुंडी रिकामी करावी आणि तीत उन्हाळी रोपं लावावीत. तो वाचून राहवलं नाही. शेवंती एका हंगामाचं झाड नाही. फुलं संपतात तेव्हा फक्त वरचा भाग संपतो. खाली बुडाशी नवे फुटवे निघालेले असतात, त्यांना आम्ही काश्या म्हणतो. पुढच्या वर्षाचं झाड त्या काश्यांतून उभं राहतं. सध्या माघ चालू आहे. घरोघरच्या शेवंतीच्या कुंड्या याच दिवसांत कचरागाडीत जातात आणि काश्या धरायचे दिवसही हेच. म्हणून हे पत्र शक्य तितक्या लवकर छापावं, ही विनंती.

मी वीज खात्यात लाइनमन होतो, आता निवृत्त आहे. सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आमचं जुनं घर आहे. मागे परस, परसात आड, आडाशेजारी पेरू आणि पूर्वेच्या भिंतीला लागून शेवंतीचा वाफा. या वाफ्यातली पिवळी शेवंती आईने तिच्या माहेराहून, माण तालुक्यातून आणली. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काश्या घेऊन ती एसटीने आली, हे ती आम्हाला नेहमी सांगायची. माणसारख्या कमी पावसाच्या मुलखात टिकलेली ही शेवंती. फूल लहान, दीड इंचाचं, पाकळ्या गच्च, वास उग्र आणि थोडा कडवट. जातीचं नाव आईला ठाऊक नव्हतं. बाजारातल्या झिप्रीशी, रेवडीशी मी ती ताडून पाहिली आहे. तिचं पान जास्त कातरलेलं आहे आणि ती फुलते फार उशिरा.

हा उशीरच तिचा मोठा गुण आहे. शेवंतीतही हळव्या आणि गरव्या जाती असतात. हळवी दसऱ्याच्या आगेमागे फुलते आणि दिवाळीत संपत येते. आमच्या गरवीला कार्तिक सरता सरता कळी दिसते, मार्गशीर्षात ती उमलू लागते आणि संक्रांत उलटून गेली तरी फुलं देत असते. तोवर झेंडू काळवंडलेला असतो, गुलछडी थंडीने कमी झालेली असते आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांमुळे बाजारात फुलांचा भाव चढलेला असतो. अशा वेळी परसात सकाळी टोपलीभर फुलं मिळणं ही घरातल्या बाईमाणसांना मोठी सोय वाटते. शिवाय थंडीत फूल टिकतं. ऑक्टोबरच्या उन्हात उमललेलं फूल आठवड्यात करपट दिसू लागतं, तर पौषातलं फूल झाडावर दोन-तीन आठवडे तसंच टवटवीत राहतं. माझी पत्नी वेणीसाठी फूल खुडते ते बोटाच्या पेराएवढा देठ ठेवून, आणि हारासाठी खुडते ते देठाशिवाय. मोठ्या फुलाची वेणी जड होते आणि पाकळ्या गळतात. या लहान फुलाची वेणी दुसऱ्या दिवशीही डोक्यात चांगली दिसते.

आता काश्यांवर माझा एवढा भर का, ते सांगतो. शेवंतीचं बी धरून पेरलं तर तीच शेवंती मिळत नाही. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो पुष्कळ लहान फुलांचा गुच्छ असतो. कडेची प्रत्येक पाकळी हे एक फूल, मधल्या पिवळ्या चकतीतला प्रत्येक ठिपका हे दुसरं फूल. परागीकरण बहुधा दुसऱ्या झाडाच्या परागांनी होतं, त्यामुळे बियांतून निघणारी रोपं रंगाने, उंचीने, फुलण्याच्या काळाने भलतीच निघतात. आईने आणलेली शेवंती पुढे चालवायची तर काशी किंवा छाटकलम यांशिवाय मार्ग नाही. एखाद्या घरची जुनी शेवंती शेवटच्या कुंडीसकट फेकली गेली की ती जात तिथे संपते. रोपवाटिकेत जाऊन ती परत विकत आणता येत नाही. आमच्याच आळीत पूर्वी एका घरी तांबूस, करड्या झाकेची शेवंती होती. घर पाडून इमारत उभी राहिली आणि ती गेली. त्या रंगाची शेवंती मला पुन्हा कुठे दिसली नाही.

काशी ओळखायला अवघड नाही. फुलं संपलेल्या झाडाच्या बुडाशी माती बोटांनी थोडी बाजूला करावी. मुख्य खोड लाकडासारखं टणक आणि तपकिरी झालेलं असतं. त्याच्यापासून आडवे निघालेले पांढरट, थोडे जांभळट झाक असलेले कोवळे दांडे दिसतात. त्यांच्या गाठीगाठीला केसासारखी मुळं सुटलेली असतात आणि टोकाशी, मातीच्या जरा वर, चार-पाच कातरलेल्या पानांचा हिरवा झुबका असतो. हीच काशी. ती खोडापासून मुळांसकट अलगद तोडून घ्यायची. कडेच्या काश्या घ्याव्यात, खोडाला अगदी चिकटलेल्या घेऊ नयेत. ज्या झाडाची पानं खालून काळी पडली होती किंवा जे झाड फुलावर असताना एका बाजूने माना टाकत होतं, त्याच्या काश्या मुळीच घेऊ नयेत. रोग त्यांच्याबरोबर नव्या वाफ्यात जातो.

काश्या काढण्याआधीचं काम म्हणजे छाटणी. शेवटची फुलं उतरवली की सगळी झाडं जमिनीपासून चार बोटं ठेवून कापायची, बुडाशी मूठभर कुजलेलं शेणखत आणि बेताचं पाणी द्यायचं. वरचा भार गेला की काश्या जोराने फुटतात. फाल्गुनात त्या वेगळ्या करून दुसऱ्या जागी लावायच्या. त्याच जागी वर्षानुवर्षं शेवंती ठेवू नये. मातीत सूत्रकृमी आणि मूळ कुजवणारी बुरशी साचत जाते आणि झाड दर वर्षी खुजं होत जातं. मी वाफा दर वर्षी सरकवतो. या वर्षी भिंतीच्या या टोकाला शेवंती, तर रिकाम्या टोकाला मेथी-कोथिंबीर.

यापुढचे तीन महिने खरे कसोटीचे. माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीत असते. तिच्या अंगणात तिकडची बागेत टिकणारी शेवंती आहे. तिकडे बर्फ पडतं, झाडाचा वरचा भाग मरतो, मुळं जमिनीत जिवंत राहतात आणि वसंतात पुन्हा फुटतात. वाळलेले दांडे ती हिवाळाभर तसेच ठेवते, बुडावर पालापाचोळा घालते आणि एप्रिलमध्ये गड्डा फोडून वाटते. उशिरा फुलणाऱ्या जातींना तिथे पहिल्याच कडक थंडीत कळी जळण्याचं भय असतं. आपल्याकडे उलट आहे. थंडी शेवंतीला मानवते, तिचा जीव जातो तो वैशाखात आणि त्यानंतर आषाढात. आपल्याकडची चिवट शेवंती ती, जी हे दोन महिने काढते. लेख लिहिणाऱ्यांनी परदेशी पुस्तकं बघून आपल्याकडे शेवंतीला थंडीपासून झाका वगैरे लिहू नये, एवढंही या निमित्ताने सांगतो.

वैशाखात काश्यांना सकाळचं ऊन चालतं, दुपारचं चालत नाही. मी त्या पेरूच्या सावलीत ठेवतो, बुडाशी उसाचं पाचट पसरतो आणि सकाळी एकदाच पाणी देतो. पाणी रोज लागतं, पण थोडं. पानं दुपारी मलूल दिसतात म्हणून संध्याकाळी पुन्हा बदाबदा पाणी ओतण्याची सवय अनेकांना आहे. गरम मातीत पाणी साचून राहिलं की कोवळी मुळं कुजतात. संध्याकाळी पानं आपोआप सावरतात का ते आधी बघावं. सावरली तर पाण्याची गरज नव्हती.

मृगाचा पाऊस पडून जमीन निवली की काश्या कायमच्या जागी लावायच्या. सपाट वाफ्यात लावू नयेत. वरंबा वीतभर उंच करावा आणि काशी वरंब्याच्या माथ्यावर लावावी, दोन झाडांत एक फूट अंतर ठेवावं. कुंडी असेल तर ती जमिनीवर न टेकवता दोन विटांवर ठेवावी आणि खालचं भोक बुजलेलं नाही ना, हे दर आठवड्याला बघावं. शेवंतीची मुळं उथळ असतात. एक दिवस जरी पाणी तुंबलं तरी ती काळी पडतात आणि मग खालची पानं पिवळी होत होत झाड जातं. आमच्याकडे आषाढात पावसाची झड लागते, त्या काळात मला शेवंतीला खत घालायचं नसतं की पाणी द्यायचं नसतं. फक्त चरातून पाणी वाहतं आहे ना, एवढं बघायचं.

शेंडा खुडण्याबद्दल लोक फार विचारतात. काशी जगून वीतभर झाली की, म्हणजे लावल्यापासून साधारण चार आठवड्यांनी, वरचा शेंडा दोन पानांसकट नखाने खुडायचा. त्याखालून दोन-तीन फांद्या निघतात. त्या वीतभर झाल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. झाड गोल, भरगच्च होतं आणि फुलांची संख्या वाढते. खुडलं नाही तर एकच दांडा कमरेइतका वाढतो आणि पहिल्या वादळी सरीत आडवा होतो. मात्र नारळी पौर्णिमेनंतर गरवीचा शेंडाही खुडू नये. त्यानंतर झाडाला फांद्या पक्क्या करायला आणि कळी धरायला वेळ लागतो. खुडलेले शेंडे टाकायचेही नाहीत. खालची पानं काढून ओल्या वाळूत सावलीत खोचले तर दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात, आणि कोणाला द्यायला रोपं तयार होतात.

भाद्रपदात प्रत्येक झाडाला तूरकाठी रोवून सुतळीने सैल बांधायचं. ज्यांना खुडणं आणि बांधणं जमत नाही, गॅलरीत कुंडीच ठेवायची आहे, त्यांच्यासाठी लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेंडा न खुडता, काठी न लावता आपसूक गोलसर वाढणाऱ्या जाती काढल्या आहेत. त्या खरोखर चांगल्या आहेत. परस असलेल्यांनी मात्र जुन्या जाती सोडू नयेत.

मावा हा गरवीचा ठरलेला शत्रू. कार्तिकात ढगाळ हवा दोन दिवस टिकली की कळीच्या मानेला काळपट, बारीक किड्यांची दाटी दिसते आणि त्यामागे मुंग्यांची रांग. सुरुवातीलाच पाण्याची जोरदार धार मारली तर पुष्कळ धुऊन जातो. उरला तर निंबोळी अर्क: 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, गाळायची, थोडा साबण मिसळायचा आणि संध्याकाळी फवारायचा. झाडावर लाल ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर फवारणीची घाई करू नये, ते मावाच खातात. पानांवर काळे ठिपके पडून रोग खालून वर चढतो तो बहुतेक वेळा मातीचे शिंतोडे आणि संध्याकाळी पानांवर मारलेलं पाणी यांमुळे. पाणी बुडाशीच द्यावं आणि डागाळलेली खालची पानं खुडून जाळावीत.

इथवरचं बागेतलं पुष्कळांना माहीत असेल. पण जी गोष्ट कोणी लिहीत नाही आणि जिच्यामुळे आज गावोगावच्या गरव्या शेवंत्या फुलायच्या राहतात, ती माझ्या नोकरीच्या विषयातली आहे. ती म्हणजे रात्रीचा उजेड.

नोकरीत असताना एका फुलशेतीच्या पॉलिहाउसला जोडणी द्यायला गेलो होतो. शेवंतीच्या वाफ्यांवर ओळीने दिव्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. दिवसा एवढं ऊन असताना दिवे कशाला, असं मी मालकाला विचारलं. ते म्हणाले, दिवे रात्री दहा ते दोन लावायचे. जोवर ते लावतो तोवर झाड कळी धरत नाही, नुसती उंची वाढवतं. दांडा पाहिजे तेवढा लांब झाला की दिवे बंद करायचे, मग झाड कळीवर येतं. परत येताना मी त्याचाच विचार करत होतो. पुढे कृषी विभागातल्या एका साहेबांकडून मागचं कारण समजून घेतलं. शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब झाली, आणि तीही सलग अंधाराची, तरच ती कळी धरते. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असा संबंध आहे हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दाखवलं. नंतरच्या शास्त्रज्ञांना असं दिसलं की, लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी झाडाला ती रात्र लांब वाटत नाही. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. त्याला उजेडातला लाल भाग कळतो. आपल्या डोळ्यांना दुधी दिसणाऱ्या एलईडीच्या उजेडातही तो लाल भाग असतो.

आपल्याकडे हा हिशेब किती बारीक आहे बघा. सातारा-पुण्याच्या पट्ट्यात जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरमधला सगळ्यात लहान दिवस जेमतेम अकरा तासांचा. म्हणजे वर्षभरात फरक पडतो तो सव्वादोन तासांचा. न्यू जर्सीत जूनचा दिवस पंधरा तासांचा असतो, तिथे फरक ढोबळ आहे. आपली शेवंती या सव्वादोन तासांतलाही थोडाथोडा फरक ओळखते. हळवीला ऑगस्ट-सप्टेंबरची रात्र पुरते, गरवीला त्याहून लांब रात्र लागते, आणि कळी धरल्यापासून फूल उमलायलाही तिला जास्त आठवडे लागतात. काही जाती सहा-सात आठवड्यांत फुलतात, तर अगदी गरव्या चौदा-पंधरा आठवडे घेतात. इतक्या बारीक मोजणीत रस्त्याचा दिवा रात्रभर पानांवर पडला तर काय होत असेल?

ते आमच्या परसातच दिसलं. भिंतीपलीकडे गल्लीच्या कोपऱ्यावर खांब आहे. पूर्वी त्यावर चाळीस वॅटची ट्यूब होती, तिचा उजेड खांबाच्या बुडाशीच संपायचा. तिच्या जागी एलईडीचं फिटिंग आलं, ब्रॅकेट जरा आत वळलेलं होतं, आणि उजेड भिंतीवरून थेट वाफ्यात पडू लागला. त्या वर्षी मार्गशीर्षात वाफा मधोमध दुभागलेला दिसला. आडाच्या कठड्याच्या सावलीतली झाडं पिवळीजर्द फुललेली, आणि उजेडातली झाडं हिरवीगार, त्यांच्यापेक्षा हातभर उंच, शेंड्याला नुसती पानं. काश्या एकाच गड्ड्याच्या, खत एक, पाणी एक, लावण एकाच दिवशीची. सावलीची रेघ वाफ्यावर जिथे संपत होती, तिथेच फुलं संपत होती. एक झाड तर असं होतं की त्याची कठड्याकडची फांदी फुललेली आणि रस्त्याकडची कोरी.

रस्त्यावर उजेड हवाच. मी आयुष्यभर खांबांवर चढून उजेडच दिला. आमच्या गल्लीत त्या दिव्यामुळे बायका-मुलींना रात्री निर्धास्त ये-जा करता येते. मागणी एवढीच आहे की उजेड रस्त्यावर पडावा, लोकांच्या परसात आणि झोपायच्या खोल्यांत पडू नये. ब्रॅकेटचा कोन थोडा खाली केला आणि फिटिंगच्या मागच्या बाजूला वीतभर पत्र्याची आडपट्टी बसवली की काम होतं. खर्च किरकोळ आहे. मी अर्ज दिला, विद्युत विभागाच्या वायरमनने येऊन तशी पट्टी बसवली, आणि पुढच्या मार्गशीर्षात सगळा वाफा फुलला. रस्त्यावरचा उजेड उलट वाढला, कारण वाया जाणारा प्रकाशही खालीच पडू लागला. नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी नवीन दिवे बसवतानाच अशी आडपट्टी लावायचा नियम केला तर कोणाला अर्ज करावा लागणार नाही. शेवंतीवाल्यांनीही आपल्या घरातला दिवा तपासावा. मागच्या दाराचा रात्रभर जळणारा बल्ब, गॅलरीतला शोभेचा दिवा, सीसीटीव्हीसाठी लावलेला फोकस, यांचाही तोच परिणाम होतो. नारळी पौर्णिमेपासून कळी चांगली मोठी होईपर्यंत कुंडी अंधाऱ्या बाजूला न्यावी किंवा दिवा तरी बंद ठेवावा. उजेड टाळता येतच नसेल तर दिवे लागायच्या वेळेपासून सकाळपर्यंत झाडावर काळं, जाड कापड घालावं, पण हे रोज करावं लागतं आणि मध्ये खंड पडून चालत नाही.

आता रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीबद्दल, कारण लेख मुख्यतः तिच्याबद्दल होता. डिसेंबरमध्ये मिळणारी ती बुटकी, डवरलेली शेवंती म्हणजे बहुतेक वेळा एकाच कुंडीत दाटीने लावलेली तीन ते पाच रोपं असतात आणि वाढ रोखणारं औषध देऊन त्यांची उंची कमी ठेवलेली असते. म्हणून ती दुसऱ्या वर्षी जमिनीत लावली की उंच होते, आणि झाड बदललं असं लोकांना वाटतं. झाड तेच आहे, औषधाचा असर उतरलेला आहे. फुलं संपल्यावर ती कापावी, महिनाभर थांबावं आणि बुडाशी काश्या येतात का ते बघावं. सगळ्या जातींना त्या येत नाहीत. ज्यांना येतात त्या ठेवाव्यात, वेगवेगळ्या करून जमिनीत लावाव्यात. अशा विकतच्या कुंडीतली एक पांढरी शेवंती आमच्याकडे आता वाफ्यात रुळली आहे आणि पौषापर्यंत फुलते. महिनाभर वाट बघायला कोणाचं काहीच जात नाही.

दोन सूचना आहेत. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं. लांबून लोक येतात, मीही जातो. त्या वेळी गरव्या शेवंतीच्या काश्या नेमक्या फुटू लागलेल्या असतात. तिथे एखादं टेबल असं ठेवावं की ज्याने आपल्या घरच्या जुन्या शेवंतीच्या काश्या आणाव्यात, त्याने दुसऱ्याच्या न्याव्यात. सोबत फुलाचं एक छायाचित्र, मूळ गाव आणि फुलण्याचा महिना लिहिलेली चिठ्ठी. पुण्यातच भारतीय कृषी संशोधन परिषदेचं पुष्पसंशोधन संचालनालय आहे. तिथल्या तज्ज्ञांनी त्या टेबलाशी बसून या घरगुती जाती नोंदवल्या तर माण, खटाव, पुरंदर, नगर अशा कमी पावसाच्या भागांत परसात टिकलेल्या कितीतरी शेवंत्या कागदावर आणि वाफ्यात जपल्या जातील. त्यांच्या चिवटपणाचा उपयोग नवीन जाती काढणाऱ्यांनाही होईल.

दुसरी सूचना आपल्यासाठी. शेवंतीवरचा लेख दर वर्षी डिसेंबरात येतो, तेव्हा वाचकाला करण्यासारखं काम फक्त विकत घेण्याचं असतं. माघात काश्यांवर, मृगात लावणीवर आणि नारळी पौर्णिमेच्या आधी शेंडा नि उजेड यांवर, असे तीन छोटे मजकूर छापले तर तोच वाचक पुढच्या डिसेंबरात आपल्या घरची फुलं वेचेल. ते लिहायला कोणी मिळालं नाही तर मी लिहून देईन. मानधन नको.

आमच्याकडे पिवळ्या आणि पांढऱ्या, दोन्ही शेवंतीच्या भरपूर काश्या आहेत. माझा पत्ता पत्राच्या मागे लिहिला आहे, तो छापू नये, पण कोणी विचारलं तर जरूर द्यावा. येणाऱ्यांनी होळीच्या आत, सकाळी ऊन चढायच्या आधी यावं आणि सोबत ओलं गोणपाट आणावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत काश्या वाटेतच उकडून जातात.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा